वेष्टनातील मांस : बेकन, स्टेक आणि पुणे परिसरातील घरगुती चूल यांचा सामाजिक इतिहास
(विशेष संदर्भ : लोणी काळभोर)

प्रस्तावना :

स्टेकच्या मांसाचे लहान तुकडे करून, प्रत्येकाभोवती बेकनची पट्टी गुंडाळून ते भाजणे ही कृती पाश्चात्त्य देशांत अगदी साधी, घरगुती समजली जाते. महाराष्ट्रात मात्र या एका पदार्थात दोन वर्ज्य वस्तू एकत्र येतात. बहुसंख्य हिंदू कुटुंबांना त्यातील आतले मांस चालत नाही, मुस्लिम कुटुंबांना बाहेरचे वेष्टन चालत नाही आणि दोहोंपैकी काहीच न चालणाऱ्यांची संख्याही थोडी नाही. असे असूनही पुणे शहर व त्याच्या पूर्वेकडील उपनगरांतील काही स्वयंपाकघरांतून हा पदार्थ आज केला जातो. तो तेथे कोणत्या वाटांनी पोहोचला, त्यातील किती भाग परका व किती भाग येथील मातीत पूर्वीपासून होता, आणि तो करणाऱ्याला कोणकोणत्या सामाजिक व कायदेशीर मर्यादा ओलांडाव्या अथवा सांभाळाव्या लागतात, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

अभ्यासासाठी लोणी काळभोर हे गाव निवडण्यामागे कारण आहे. हवेली तालुक्यातील हे गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर, शहरापासून सुमारे अठरा किलोमीटरवर वसलेले आहे. इ.स. १८५० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालेला लोहमार्ग लोणीवरून गेला. पुढे खडकवासल्याच्या उजव्या कालव्याने या पट्ट्यात बागायत आणली. विसाव्या शतकात फिलिप्स कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला. राज कपूर यांची ‘राजबाग’ येथेच, मुळा-मुठेच्या काठी. त्या परिसरात आज शैक्षणिक संकुल आहे आणि देशाच्या नाना भागांतून आलेले विद्यार्थी गावात राहतात. दुसरीकडे, संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून निघाल्यावर लोणी काळभोर येथे मुक्काम करते आणि अष्टविनायकांपैकी थेऊर हे स्थान अगदी लगत आहे. लष्करी छावणीच्या सावलीतले, रेल्वेच्या वाटेवरचे आणि तरीही वारकरी परंपरेत रुजलेले असे हे गाव आहे. आहाराच्या इतिहासाला याहून बोलका प्रदेश मिळणे कठीण.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने इ.स. १८२० च्या सुमारास ‘लोणी’ नावाच्या गावाचे सविस्तर वर्णन केले होते. ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या खंडात इ.स. १८२३ मध्ये छापले गेले आणि ग्रामस्थांच्या राहणीमानाचे, आहाराचे एक दुर्मिळ साधन म्हणून अभ्यासकांच्या वापरात आहे. परंतु ते गाव म्हणजे नगर रस्त्यावरील लोणीकंद होय, डॉ. गो. स. घुर्ये यांनी इ.स. १९६० मध्ये त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला. नदीच्या अलीकडचे लोणी काळभोर वेगळे. नामसाधर्म्यामुळे दोहोंची गल्लत होण्याचा संभव असल्याने ही नोंद केली आहे.

मानसोल्लासातील पाकशाळा :

कोरड्या मांसाला चरबीची साथ देऊन ते निखाऱ्यावर भाजावे, ही कल्पना युरोपची मक्तेदारी आहे असे मानण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, ज्याला ‘भूलोकमल्ल’ अशी पदवी होती, त्याने शके १०५१ म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याची राजधानी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण; महाराष्ट्राचा मोठा भूभाग त्याच्या राज्यात होता. याच ग्रंथाच्या संगीतविषयक भागात मराठीतील काही अतिप्राचीन पदे आढळतात, त्यामुळे मराठी भाषेचे अभ्यासक त्याचा आवर्जून उल्लेख करतात. मात्र त्याच ग्रंथातील ‘अन्नभोग’ या प्रकरणाकडे तितक्या मोकळेपणाने पाहिले गेलेले नाही. संकोच हेच त्याचे कारण असावे.

अन्नभोगात डुकराच्या मांसाच्या कृती विस्ताराने आल्या आहेत. जनावरावर कापड पसरून कढत पाणी ओतावे म्हणजे केस सहज निघतात, किंवा गवताच्या जाळावर ते जाळून काढावेत, अशा बारकाव्यांपासून ही वर्णने सुरू होतात. पुढे मांसाच्या पट्ट्या काढणे, ते भाजणे, आंबट रसात व दह्यात मुरवणे हे सारे येते. काळजाचे सुपारीएवढे तुकडे करून ते निखाऱ्यावर भाजण्याची कृतीही तेथे आहे. एका घासात मावेल असा भाजलेला मांसाचा तुकडा दख्खनच्या राजाच्या पानात बाराव्या शतकात होता. त्याला इंग्रजी नाव नव्हते, एवढाच फरक.

मात्र यावरून बेकन आपल्याकडे होतेच असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मानसोल्लासातील मांस ताजे आहे. मिठात अनेक दिवस मुरवून, धुरी देऊन टिकवलेले डुकराचे मांस हे थंड हवेच्या प्रदेशाचे अपत्य होय. युरोपात हिवाळ्याच्या तोंडावर जनावर मारून त्याची बेगमी केली जाई. दख्खनच्या हवेत मांस टिकवण्याचा मार्ग उन्हाचा होता. त्याचा विचार पुढे येईलच.

मधल्या काळात एक महत्त्वाचा भेद दृढ झालेला दिसतो. रानडुकराची शिकार आणि तिचे मांस क्षत्रिय व मराठा कुटुंबांत प्रतिष्ठेचे राहिले. गावडुक्कर मात्र अस्पर्श मानले गेले आणि ते पाळण्याचे काम कैकाडी, वडार आदी समाजांकडे गेले. प्राणी जवळजवळ एकच, पण एकाच्या मांसाने शौर्य सिद्ध होई तर दुसऱ्याच्या मांसाने जात ठरे. इ.स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकराची मनमानी शिकार बंद झाली आणि ही प्रतिष्ठेची वाटही बंद झाली.

लष्कर आणि त्याची बाजारपेठ :

खडकीच्या लढाईनंतर (५ नोव्हेंबर १८१७) पुण्याच्या पूर्वेस इंग्रजांची छावणी पडली आणि पुण्याच्या आहाराच्या नकाशावर एक नवी सीमारेषा उमटली. गोऱ्या सैनिकाच्या दैनिक शिध्यात सुमारे एक पौंड मांस असे व ते मुख्यतः गोमांस असे. हजारो सैनिकांचा हा शिधा भागवण्यासाठी खाटीक, जनावरांचे व्यापारी, बेकरीवाले, मद्यविक्रेते यांची एक वेगळी वस्ती छावणीलगत वाढली. इ.स. १८८५ मध्ये उभारलेला कॅनॉट मार्केट, म्हणजे आजचा शिवाजी मार्केट, हे या व्यवस्थेचे दगडी रूप. त्याच सुमारास शहरात रे मार्केट, आजची महात्मा फुले मंडई, उभी राहिली. दोन बाजार, दोन आहार. मार्च २०२१ मध्ये शिवाजी मार्केटला आग लागून मोठी हानी झाली, तेव्हा अनेक पुणेकरांना तो बाजार किती जुना आहे याची प्रथमच जाणीव झाली असावी.

इंग्रज साहेबाच्या घरातील बेकन बहुधा विलायतेहून डब्यात बंद होऊन येई. कर्नल केनी-हर्बर्ट यांनी ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने इ.स. १८७८ मध्ये मद्रासेत प्रसिद्ध केलेले पाककलेवरील पुस्तक व इ.स. १८८८ मध्ये फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी लिहिलेले गृहव्यवस्थेचे पुस्तक यांतून हिंदुस्थानातील साहेबी स्वयंपाकघराचे चित्र मिळते. जेवणाच्या अखेरीस, गोडानंतर, एखादा खारट घास देण्याची व्हिक्टोरियन काळात प्रथा होती. कालवाभोवती बेकन गुंडाळून केलेला ‘एंजल्स ऑन हॉर्सबॅक’ आणि सुक्या आलुबुखाऱ्याभोवती बेकन गुंडाळलेला ‘डेव्हिल्स ऑन हॉर्सबॅक’ हे त्याच पंक्तीतले. आजचे बेकनमध्ये गुंडाळलेले स्टेकचे तुकडे हे या घराण्याचे धाकटे भावंड म्हणता येईल.

हे पदार्थ प्रत्यक्ष करणारे हात मात्र साहेबाचे किंवा मडमेचे नव्हते. छावण्यांतील, क्लबांतील व आगबोटींवरील स्वयंपाकी मोठ्या प्रमाणावर गोमंतकीय ख्रिस्ती होते. डुकराचे मांस त्यांच्या घरचेच असल्याने साहेबी पाककलेशी त्यांना जुळवून घेणे सोपे गेले. इ.स. १५१० नंतर पोर्तुगीज सत्तेबरोबर गोव्यात सोरपोतेल, चौरीस असे पदार्थ रुळले होते. मीठ, व्हिनेगर व मिरची यांत मुरवून वाळवलेले चौरीस पावसाळ्याची बेगमी म्हणून घराघरांत टांगलेले असे. म्हणजे टिकवलेल्या डुकराच्या मांसाचे तत्त्व कोकणपट्टीत इंग्रजांच्या कितीतरी आधी आले होते, फक्त धुराऐवजी व्हिनेगर होते. वसईच्या परिसरातील मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातही हेच दिसते. इ.स. १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली, पण त्या समाजाच्या सणाच्या पानातील डुकराच्या मांसाचे ‘इंदियाल’ टिकून राहिले. मराठी आहाराचा इतिहास लिहिताना हा समाज सहसा वगळला जातो, हे योग्य नाही. त्यांची भाषा मराठी आहे, तेव्हा त्यांचे पानही मराठीच.

शहरात याच काळात काय चालले होते हे पाहिल्यास अंतर लक्षात येते. इ.स. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून न्या. रानडे, लोकमान्य टिळक आदींवर ग्रामण्य उद्भवले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे चालला. एका चहाच्या पेल्याने एवढे वादळ उठत असेल, तर छावणीच्या ताटातील मांस शहराच्या स्वयंपाकघरात शिरणे त्या पिढीला अशक्यच होते. मुंबईत परिस्थिती थोडी निराळी होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ (१९१०) या पुस्तकात पाठारे प्रभू घरातील सामिष पदार्थांना मानाचे स्थान आहे. तथापि छापील पाकपुस्तके ही साक्षर, उच्चवर्णीय घरांची साधने होत. ज्यांच्या घरी ‘मोठ्याचे’ मांस शिजे, त्यांच्या कृती कागदावर यायला आणखी शंभर वर्षे लागली.

वशाट, चान्या आणि लाज :

या शंभर वर्षांची कथा अधिक गंभीर आहे. गावगाड्यात मेलेले जनावर ओढणे हे महार-मांगांच्या वाट्याला आलेले सक्तीचे काम; त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला. मिळालेले मांस एका दिवसात संपणारे नसे. म्हणून त्याच्या लांब पट्ट्या कापून त्या उन्हात वाळवत. यांना ‘चान्या’ म्हणतात. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, याच चान्या निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात घालून खाल्ल्या जात. चरबीही वितळवून साठवली जाई. उन्हाने टिकवलेली ही मांसाची पट्टी म्हणजे दख्खनचे बेकन होय असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पण एकीला हॉटेलच्या न्याहारीत प्रतिष्ठा मिळाली आणि दुसरी घराच्या आडोशाला दोरीवर लपवून वाळत राहिली.

मार्च १९२७ मधील महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. त्यामागे आहाराचा नव्हे, तर स्वाभिमानाचा प्रश्न होता. पुढे ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण व अस्पृश्यता यांचा ऐतिहासिक संबंध मांडला. सोडलेल्या आहाराच्या आठवणी मात्र सहजासहजी सुटत नाहीत. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात डॉ. शर्मिला रेगे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी इ.स. २००९ मध्ये दलित आहाराच्या आठवणींचे संकलन केले आणि शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक इ.स. २०१५ मध्ये आले. या दोन प्रयत्नांमुळे लाजेखाली दडपलेले एक संपूर्ण पाकशास्त्र प्रथमच वाचकांसमोर आले. स्टेक हा शब्द उच्चारताना प्रतिष्ठा आणि ‘वशाट’ हा शब्द उच्चारताना संकोच का वाटावा, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला व त्याचे उत्तर अद्याप दिले गेलेले नाही.

कायदा आणि आतले मांस :

महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ अन्वये राज्यात गोहत्येस बंदी होती. बैल व वळू यांची कत्तल प्रमाणपत्राच्या अटीवर करता येत असे. इ.स. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी वीस वर्षे पडून राहिली व फेब्रुवारी २०१५ मध्ये मंजुरी मिळून मार्चपासून ती अमलात आली. त्यानंतर बैल-वळूंची कत्तलही बंद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी वैध ठरवली, परंतु राज्याबाहेर कायदेशीररीत्या कापलेल्या जनावराचे मांस केवळ जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणसाने घराच्या चार भिंतींत काय खावे हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे, हा विचार त्या निर्णयात महत्त्वाचा ठरला.

म्हशी-रेड्यांच्या कत्तलीस या कायद्याने मनाई केलेली नाही. परिणामी आज पुणे परिसरात स्टेक म्हणून जे काही कायद्याने घरी येते ते म्हशीचे वा रेड्याचे मांस असते. कायद्यातील हा बदल थेट तव्यापर्यंत पोहोचला आहे, आणि इतिहासकारांनी दखल घ्यावी असा हा भाग आहे. म्हशीच्या मांसात स्नायूंच्या आत चरबीची जाळी जवळजवळ नसते. धागा जाड असतो, रंग गडद असतो आणि जास्त भाजले की ते चामड्यासारखे होते. परदेशी पुस्तकातील कृती जशीच्या तशी उचलली तर हमखास फसते. आतल्या मांसात चरबी नाही म्हणूनच बाहेरून ती पुरवणे येथे चैनीचे नव्हे, गरजेचे ठरते.

वेष्टनाची कथा :

स्वातंत्र्योत्तर काळात बेकन देशातच तयार व्हावे म्हणून सरकारी कारखाने निघाले. महाराष्ट्रात बोरिवली येथे असा कारखाना होता. ‘मॅफ्को’ या राज्य महामंडळाच्या नावाने विकले जाणारे हॅम, बेकन व सॉसेज एका पिढीला परिचित होते. महामंडळ आता इतिहासजमा झाले आहे. मात्र केवळ कारखान्याने पदार्थ घरात येत नाही, त्याला थंडावा लागतो. गोदरेजने देशी बनावटीचा फ्रीज इ.स. १९५८ मध्ये आणला, तरी तो मध्यमवर्गीय घरात सर्रास दिसू लागायला पुढची दोन-तीन दशके जावी लागली. इ.स. १९९१ नंतर विलायती मालाची दुकाने व गोठवलेल्या मांसाच्या पेट्या लष्कराबाहेर, कोरेगाव पार्क, हडपसर असे करत सोलापूर रस्त्याने पूर्वेकडे सरकल्या. ज्या दिशेने पालखी जाते, त्याच दिशेने.

लोणी काळभोरचा आणखी एक धागा येथे जोडावा लागतो. डॉ. बी. व्ही. राव यांनी इ.स. १९७१ मध्ये स्थापन केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगाचे कुक्कुटरोग निदान व संशोधन केंद्र येथेच आहे. कुक्कुटपालनाच्या या वाढीने मराठी घरातील मांसाहाराचा सारा तोल बदलला. ज्या घरात ‘मोठ्याचे’ चालत नाही तेथे बेकनच्या पट्टीत आज कोंबडीचा तुकडा असतो आणि ज्या घरात बेकन चालत नाही तेथे पट्टीही कोंबडीच्याच मांसाची असते. शुद्धतावादी याला नाक मुरडतील. पण पदार्थ नव्या गावात राहायला आला की गावाचे नियम पाळतो.

घरची कृती :

पुण्यातील खाटकाकडे या कामासाठी ‘अंडरकट’ मागावे लागते. जनावराच्या पाठीच्या कण्याखालचा, कमी वापरला जाणारा आणि म्हणून मऊ राहणारा हा स्नायू. त्याचे सुमारे एक इंचाचे चौकोनी तुकडे करतात. आले-लसूण व ताजी भरडलेली मिरी लावून ते तासभर मुरवतात. मांस निबर वाटल्यास कच्च्या पपईचा अगदी थोडा कीस. (पपईही मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या काळानंतर इकडे आलेली. मांस मऊ करण्याचा आपला ‘पारंपरिक’ उपाय फार तर चार-पाच शतकांचा आहे.) मीठ घालत नाहीत, कारण बेकनमध्ये ते भरपूर असते.

खरी अडचण वेळेची आहे. बेकन कुरकुरीत व्हायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात एक इंचाचा तुकडा आतून कोरडा होतो. यावर अनुभवी हातांनी काढलेला तोडगा साधा आहे. पट्टी आधी तव्यावर मंद आचेवर अर्धवट परतून घ्यायची. चरबी सुटू लागली, पण पट्टी अजून वाकते आहे, अशा अवस्थेत ती उतरवायची. अर्धी पट्टी एका तुकड्याला पुरते. जोड खालच्या बाजूला येईल अशी ती गुंडाळून पाण्यात भिजवलेल्या टूथपिकने टोचतात. काडी भिजवलेली नसेल तर करपते. ओव्हन २०० अंश सेल्सिअसला तापवून, जाळीवर तुकडे व खाली ताट ठेवून, पंधरा मिनिटांच्या आसपास एकदा उलटून भाजले की काम होते. ओव्हन नसल्यास जाड बुडाचा तवा चालतो; आधी जोडाची बाजू खाली ठेवावी म्हणजे पट्टी चिकटून बसते. इ.स. २०१० मध्ये फिलिप्सने बाजारात आणलेला एअरफ्रायर या कामाला विशेष सोयीचा ठरतो. ज्या कंपनीचा कारखाना कधी लोणीच्या कामगारांना पगार देत होता, तिचे यंत्र आता लोणीच्या ओट्यावर आहे. खालच्या ताटात जमलेल्या चरबीत उकडलेले बटाटे परतले जातात. ती फेकण्याची पद्धत जुन्या माणसांत नाही.

डुकराचे मांस पुरते शिजले आहे याची खात्री करणे आपल्याकडे विशेष महत्त्वाचे, कारण त्यातून होणारा पट्टकृमीचा संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. शिवाय ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेकनसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक गटात समाविष्ट केले. त्यामुळे ज्या घरांत हा पदार्थ होतो, तेथेही तो नाताळ, वाढदिवस किंवा परगावहून आलेल्या मुलांच्या स्वागतापुरता असतो. रोजच्या पानात तो कधीच नव्हता.

गळ्यात माळ असलेल्या वारकऱ्याला यातले काहीच चालत नाही आणि पालखीच्या मुक्कामाच्या दिवशी लोणीतील सामिष खाणारी कितीतरी घरेही आपली चूल त्याच्या नियमाने पेटवतात. दुसऱ्या दिवशी पालखी यवतला पोहोचते, तेथे पिठले-भाकरीची पंगत ठरलेली असते. लष्करातले दुकान मात्र नेहमीच्या वेळी उघडते, आणि तेथे ‘अंडरकट’ मागणाऱ्यांत लोणीचेही कोणी असते.